मधुमेहासह वाढणारी मुले : मोकळेपणाची गरज

मधुमेह म्हटला की पन्नाशी उलटलेला, अंगाने सुटलेला, बिनसाखरेचा चहा मागणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. पाचवीत शिकणारा सडपातळ मुलगा किंवा दहावीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी सहसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तथापि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलेमुली पहिल्या प्रकारच्या मधुमेहासह जगत होती. त्या वेळी जगातील अन्य कोणत्याही देशात या वयोगटातील मधुमेहींची संख्या इतकी मोठी नव्हती. ही मुले आपल्याच शाळांतून शिकतात, आपल्याच गावच्या मैदानांवर खेळतात. मात्र त्यांपैकी कित्येकांचा आजार वर्गशिक्षकाला, शेजारच्या बाकावरील मित्राला किंवा सख्ख्या चुलत भावंडांनाही ठाऊक नसतो.

या मुलांना इन्शुलिन, वेळेवर आहार आणि नियमित रक्ततपासणी या तीन गोष्टींची गरज आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. चौथी गरज अशी आहे की जी औषधांच्या दुकानात मिळत नाही. आपल्या आजाराबद्दल संकोच न बाळगता बोलता येणे, ही ती गरज होय. ती भागविणे हे बव्हंशी भोवतालच्या वडीलधाऱ्यांच्या हाती असते.

हा आजार कोणता?

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. या ग्रंथीतील विशिष्ट पेशी इन्शुलिन हे संप्रेरक तयार करतात. अन्नातून रक्तात आलेली साखर शरीराच्या पेशींमध्ये पोहोचविण्याचे काम इन्शुलिन करते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून या पेशींवर हल्ला चढविते व त्या नष्ट करते. इन्शुलिन तयार होणे जवळजवळ थांबते. परिणामी रक्तात साखर भरपूर असूनही पेशी मात्र उपाशी राहतात.

मुलाला वारंवार लघवी होणे, तहान न भागणे, भरपूर खाऊनही वजन घटणे आणि सतत थकवा येणे, ही या आजाराची प्रमुख लक्षणे आहेत. रात्री अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा करू लागले, तर तीही एक सूचनाच समजावी. दुर्लक्ष झाल्यास रक्तात आम्ले साचतात, पोटदुखी व उलट्या सुरू होतात, श्वास जोराने व खोल होऊ लागतो आणि मूल बेशुद्ध पडू शकते. पोट बिघडले असेल अशा समजुतीने या अवस्थेत वेळ दवडला गेल्यास प्राणावर बेतते.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, आईवडिलांच्या हयगयीने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. त्यावर आयुष्यभर इन्शुलिन घेणे हाच आज सर्वत्र उपलब्ध असलेला उपाय आहे. बहुतेक मुलांना दिवसातून तीन-चार वेळा इंजेक्शन घ्यावे लागते आणि बोटाला सुई टोचून रक्तातील साखर अनेक वेळा पाहावी लागते. एखादा काढा किंवा गंडादोरा यांच्या भरवशावर इन्शुलिन बंद केल्यास थोड्याच दिवसांत मृत्यू ओढवू शकतो.

टोरांटोतील दोन मुले

इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी या मुलांचे भवितव्य ठरलेलेच असे. अत्यल्प आहारावर ठेवून त्यांचे आयुष्य काही महिन्यांनी वा फार तर दोन-तीन वर्षांनी लांबविणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, प्राण्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढण्यात यश मिळविले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध असल्याने फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यात आला आणि मुलाची साखर झपाट्याने खाली आली.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकन मुलगी बँटिंग यांच्याकडे आली. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. वयाच्या अकराव्या वर्षी आजार जडल्यापासून उपासमारीसारख्या आहारावर काढलेल्या दिवसांमुळे, वयाची पंधरा वर्षे पूर्ण होतेवेळी तिचे वजन अवघे २० किलोच्या आसपास उरले होते. इन्शुलिनने तिला नवा जन्म दिला. तिने पदवी घेतली, विवाह केला, तीन मुलांना वाढविले, सार्वजनिक कार्यात नाव मिळविले आणि १९८१ साली वयाच्या ७३व्या वर्षी तिचे निधन झाले. आयुष्यभरात तिने सुमारे ४२ हजार इंजेक्शने घेतली असावीत, असा अंदाज आहे.

परंतु या यशोगाथेला दुसरी बाजू आहे. एलिझाबेथने आपला आजार जन्मभर लपविला. निकटच्या स्नेह्यांपैकीही फार थोड्यांना तो ठाऊक होता. वडिलांच्या कागदपत्रांतून आपल्या आजाराचे उल्लेखही तिने काढून टाकले. सुशिक्षित, संपन्न व प्रतिष्ठित घरातील, उत्तम उपचार लाभलेल्या स्त्रीलाही ‘मला मधुमेह आहे’ हे तीन शब्द उच्चारणे जड गेले. मग आडगावच्या शाळेतील मुलीला ते किती जड जात असतील, याची कल्पना करता येईल.

लपवाछपवी का होते?

आपण चारचौघांहून वेगळे दिसू नये, अशी कुमारवयातील मुलांची स्वाभाविक इच्छा असते. वाढदिवसाचे पेढे वाटले जात असता हात मागे घेणे, खेळ अर्ध्यावर सोडून काही खाणे, सर्वांसमोर सुई टोचून घेणे, या सर्व गोष्टी त्यांना अवघड वाटतात. त्यातच ‘एवढ्या लहान वयात शुगर?’, ‘फार गोड खाल्ले असेल’, ‘आमच्या गावात एकाचा मधुमेह पाल्याने बरा झाला’, अशी वाक्ये कानी पडतात. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो; ऐकणारे मूल मात्र पुढच्या वेळी गप्प बसते.

मुलीच्या बाबतीत विवाहाची चिंता भर घालते. ‘कोणाला सांगू नकोस, उद्या स्थळे येणार नाहीत’, हे वाक्य अनेक घरांत आजाराचे निदान होताच उच्चारले जाते. मुलगी जे शिकते ते इतकेच, की आपल्या शरीरात काही लाजिरवाणे आहे. वास्तविक योग्य उपचार घेणारी मधुमेही स्त्री शिक्षण, नोकरी, संसार सर्व काही करू शकते. गर्भधारणेपूर्वीपासून साखर नियंत्रणात ठेवली व डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहिली, तर तिला निरोगी अपत्यही होऊ शकते. याउलट आजार लपवून विवाह झाल्यास सासरी इंजेक्शन चोरून घेण्याची, प्रसंगी चुकविण्याची पाळी येते. उपवासाच्या दिवशी ‘मला जमणार नाही’ असे सांगण्याचीही तिला सोय उरत नाही. विश्वासाला तडा जातो तो वेगळाच.

मौनाची किंमत

लपविण्याचा पहिला परिणाम उपचारांवर होतो. शाळेत कोणी पाहील म्हणून दुपारची तपासणी टळते, पाहुण्यांसमोर नको म्हणून इंजेक्शन लांबते, मित्रांबरोबर खाल्लेल्या पदार्थाचा हिशेब डॉक्टरांना सांगितला जात नाही. अशा लहान लहान चुकांची बेरीज मोठी असते. अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ व्यक्तींवर झालेल्या आणि १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासातून ही बाब स्पष्ट झाली. ज्यांनी साखर काटेकोर नियंत्रणात ठेवली, त्यांच्यात दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्के, मूत्रपिंडाच्या विकाराचा ५० टक्के आणि मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्के कमी आढळला. शाळकरी वयात चुकलेल्या इंजेक्शनांची किंमत अशा रीतीने तिशी-पस्तिशीत डोळ्यांना व मूत्रपिंडांना मोजावी लागते.

दुसरा परिणाम तत्काळ व अधिक भयंकर आहे. इन्शुलिन घेतल्यावर जेवणाला उशीर झाला किंवा नेहमीपेक्षा जास्त धावपळ झाली, तर रक्तातील साखर एकदम घसरते. मूल घामाघूम होते, थरथरते, चिडचिड करते, विचारलेल्या प्रश्नाचे भलतेच उत्तर देते. आजाराची माहिती नसलेल्या शिक्षकाला ही बेपर्वाई किंवा उद्धटपणा वाटण्याचा संभव असतो. माहिती असलेला शिक्षक मात्र तत्काळ साखर आणावयास सांगतो. दोन प्रसंगांतील अंतर एका वाक्याचे असते. परंतु त्या वाक्यावर मुलाचा प्राण अवलंबून असू शकतो.

तिसरा परिणाम मनावर होतो. रोज काहीतरी दडवून ठेवण्याचा ताण स्वतंत्रच असतो. मधुमेही कुमारांमध्ये नैराश्य व चिंता यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. मन खचले की उपचारांचा कंटाळा येतो आणि उपचार ढिले पडले की साखर वाढून मन अधिकच खचते, असे हे दुष्टचक्र आहे.

खुलेपणाची उदाहरणे

क्रीडाक्षेत्रातील काही खेळाडूंनी आपल्या आजाराविषयी उघडपणे बोलून तरुणांना धीर दिला आहे. पाकिस्तानचे वेगवान गोलंदाज वसीम अक्रम यांना १९९७ साली, कारकीर्द भरात असताना, मधुमेहाचे निदान झाले. त्यांनी इन्शुलिन घेत खेळ सुरू ठेवला आणि २००३च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांत ५०० बळी घेणारे ते पहिले गोलंदाज ठरले. आपल्या मधुमेहाबद्दल ते जाहीरपणे बोलत आले आहेत.

जर्मनीचा टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्ह याला बालपणीच हा आजार जडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्याने एकेरीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही जगाला त्याची कल्पना नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने ही गोष्ट जाहीर केली आणि मधुमेही मुलांच्या साहाय्यासाठी एक प्रतिष्ठानही स्थापन केले. पुढील वर्षी फ्रेंच खुल्या स्पर्धेत मैदानावर इन्शुलिन टोचून घेण्यास त्याला हरकत घेण्यात आली, तेव्हा त्याने तो प्रश्न जाहीरपणे मांडला. आजार लपविलेला असता, तर हे बोलणे त्याला शक्य झाले नसते. आपली गरज सांगता येण्यासाठी आधी आपली स्थिती सांगता आली पाहिजे, हा यातील बोध आहे.

कोणाला सांगावे, किती सांगावे?

मोकळेपणा म्हणजे गावभर दवंडी नव्हे. आजार मुलाचा आहे; त्याची माहितीही मुलाचीच आहे. ती कोणाला, केव्हा व किती द्यावी हे ठरविताना मुलाचे मत प्रथम विचारले पाहिजे. शिक्षकाने त्याच्या अनुमतीवाचून वर्गात जाहीर घोषणा करणे, किंवा ग्रामसभेत नाव घेऊन मदतीचे आवाहन करणे, हे सद्हेतूने केले तरी त्याला दुखावणारे ठरते.

सुरक्षिततेसाठी मात्र काही जणांना माहिती असणे अनिवार्य आहे. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि किमान एक-दोन विश्वासू मित्र यांना आजाराचे स्वरूप, साखर घटल्याची लक्षणे व तत्काळ करावयाचे उपाय ठाऊक असावेत. बाकीच्या वर्गाला सांगावयाचे किंवा नाही, हे मुलाने ठरवावे. सांगावयाचे ठरल्यास दोन-तीन साधी वाक्ये पुरेशी होतात : माझ्या शरीरात इन्शुलिन तयार होत नाही म्हणून मी ते टोचून घेतो, हा आजार कोणाला लागत नाही, मी घामाघूम झालो तर मला साखर द्या आणि सरांना बोलवा. अशा सरळ सांगण्याने कुतूहल शमते व कुजबुजीला जागा उरत नाही.

शाळेचे कर्तव्य

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली सर्व राज्यांना पत्र पाठवून पहिल्या प्रकारच्या मधुमेहाने बाधित विद्यार्थ्यांना शाळेत सवलती देण्याची सूचना केली. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार रक्तातील साखर तपासणे, इन्शुलिन घेणे आणि मधल्या वेळी काही खाणे यांस वर्गात तसेच परीक्षेच्या वेळीही मुभा असावी, साखरेच्या गोळ्या जवळ ठेवू द्याव्यात, तसेच खाद्यपदार्थ, पाणी व साखर मोजण्याचे यंत्र परीक्षा कक्षात पर्यवेक्षकाकडे ठेवण्याची सोय असावी, असा त्या सूचनांचा आशय आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने त्यापूर्वीच, २०१७ साली, दहावी व बारावीच्या मधुमेही परीक्षार्थींना खाद्यपदार्थ जवळ बाळगण्याची परवानगी दिली होती.

कागदावरील सवलत प्रत्यक्षात उतरविण्यासाठी शाळेने पुढील गोष्टी कराव्यात :

१. वर्षारंभी पालक व विद्यार्थी यांच्याशी खासगीत चर्चा करून इन्शुलिनच्या व खाण्याच्या वेळा लिहून घ्याव्यात. पालकांचा व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावा.

२. इंजेक्शन घेण्यासाठी स्वच्छ व सुरक्षित जागा उपलब्ध करावी. विद्यार्थ्याला वर्गातच घेणे सोयीचे वाटत असेल तर त्यास मज्जाव करू नये. मात्र त्याला स्वच्छतागृहात लपून घ्यावे लागणार नाही, याची दक्षता घ्यावी.

३. शालेय पोषण आहाराला उशीर होणार असल्यास मधुमेही विद्यार्थ्याला आधी खाऊ द्यावे.

४. खेळ, सहल व स्नेहसंमेलन यांतून त्याला वगळू नये. खेळापूर्वी साखर तपासणे व जवळ ग्लुकोज ठेवणे एवढी खबरदारी पुरेशी असते.

साखर अचानक घटल्यास

रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास तत्काळ उपाय करावा. यंत्र जवळ नसेल आणि लक्षणे दिसत असतील, तर तपासणीची वाट पाहू नये. चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे; साखर वाढली नसल्यास तोच उपाय पुन्हा करावा. बरे वाटल्यावर पोळी, भाकरी किंवा बिस्किटे खावयास द्यावीत. मुलाला एकटे सोडू नये व एकटे घरीही पाठवू नये.

मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर तोंडातून काहीही देऊ नये. श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. त्याला कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

ग्रामपंचायतीला काय करता येईल?

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना या कार्यात मोठा वाटा उचलता येईल. गावातील आरोग्यविषयक समितीच्या बैठकीत आशा सेविका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांना बालमधुमेहाच्या लक्षणांची माहिती देण्याची व्यवस्था करावी. वारंवार पाणी पिणारे व लघवीस जाणारे, वाळत चाललेले मूल दिसताच त्याची रक्तातील साखर त्याच दिवशी तपासली गेली, तर एक जीव वाचू शकतो.

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. घरी शीतकपाट नसलेल्या कुटुंबासाठी आरोग्य उपकेंद्रात किंवा शेजारी ते ठेवण्याची सोय करून देता येईल. वापरात असलेली कुपी उन्हाळ्यात पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवल्यास उष्णतेपासून तिचा बचाव होतो. वापरलेल्या सुया उकिरड्यावर न टाकता जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून आरोग्य केंद्राकडे सोपवाव्यात. ही सर्व मदत गाजावाजा न करता व्हावी. नागपूर येथील ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगर येथील उडान यांसारख्या संस्था मधुमेही मुलांसाठी कार्य करीत आहेत. अशा संस्थांची माहिती गरजू पालकांपर्यंत पोहोचविणे हेही पंचायतीचेच काम मानावे. आपल्यासारखी आणखी मुले आहेत, हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष पाहिल्यावर अबोल मुलालाही बोलावेसे वाटते.

मनाची विचारपूस

मधुमेही मुलाला भेटणारा प्रत्येक जण ‘साखर किती आहे?’ असे विचारतो. ‘तू कसा आहेस?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होते काय, शांत वाटले काय, उत्साह वाटला काय, झोपेतून ताजेतवाने होऊन उठता आले काय आणि रोजच्या जीवनात रस वाटला काय, असा त्यातील प्रश्नांचा आशय आहे. शिक्षकांनी निदान करावयाचे नाही. परंतु सहज गप्पांतून हे प्रश्न विचारता येतात. उत्तरे सातत्याने निराशेची येत असतील, तर पालकांना विश्वासात घेऊन मुलाला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवावे.

साखर वाढलेली आढळल्यास रागावू नये. ‘पुन्हा गोड खाल्लेस ना?’ असे विचारले की मूल पुढच्या वेळी खोटा आकडा सांगते. ताप, मानसिक ताण व वयात येतानाचे शारीरिक बदल यांमुळेही साखर वाढते. खरे सांगितल्यावर शिक्षा होत नाही, असा अनुभव आला तरच मूल खरे सांगत राहते.

बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच बालदिन होय. या दिवशी शाळाशाळांतून भाषणे होतातच. त्यांच्या जोडीला प्रत्येक शाळेने कार्यालयात ग्लुकोजचा एक पुडा ठेवला आणि तो कशासाठी आहे हे सर्व शिक्षकांना समजावून दिले, तर या दिवसाचे सार्थक होईल. एलिझाबेथ ह्यूजला साठ वर्षे जे गुपित वाहावे लागले, ते आपल्या गावातील मुलामुलींना वाहावे लागू नये. त्यांनी बोलावे अशी अपेक्षा करण्यापूर्वी, ऐकणाऱ्यांनी ऐकण्याची तयारी ठेवली पाहिजे.